रेडिएटर बदलायच्या आधी पाणी बदला



आज कापूस-सोयाबीन जरा बाजूला ठेवू. मागच्या महिन्यात आमच्या जुन्या फियाटचा फोटो टाकला, तर पिकापेक्षा जास्त प्रश्न गाडीवरच आले. "तापत नाही का?" "रेडिएटर कोणतं टाकलं?" "भंगारात काहून देत नाहीस?" म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडं जुन्या गाडीचं रेडिएटर वयानं मरत नाही, आपण त्यात ओततो त्या बोअरच्या पाण्यानं मरतं. अन् तांब्या-पितळाचं जुनं रेडिएटर फेकून देणं हा बहुतेक वेळा तोट्याचा सौदा असतो. हे मी चुका करून, पैसे घालवून शिकलो.

गाडी अण्णांची, म्हणजे वडिलांची. प्रीमियर पद्मिनी, १९८६ ची. कागदावर पद्मिनी, पण घरात अन् गावात ती फियाटच. एका साली कापूस चांगला झाला अन् अण्णांनी ती घेतली. गावातल्या कितीतरी नवरदेवांची वरात तिच्यातून निघाली, अन् रात्री-अपरात्री अडलेल्या बाया परभणीच्या दवाखान्यात तिच्यातूनच गेल्या. अण्णा आता नाहीत, गाडी आहे.

दोन वर्षांमागं मे महिन्यात लग्नाला गंगाखेडला निघालो. ऊन ४३ च्या घरात. मागं माय अन् चुलती. निम्म्या रस्त्यात बोनेटमधून वाफ. गाडी बाजूला घेतली. चुलतभाऊ उतरला, खांद्यावरचा रुमाल हाताला गुंडाळला अन् मी नको नको म्हणेपर्यंत झाकण फिरवलं. उकळतं पाणी कोपरापर्यंत आलं. लग्न राहिलं बाजूला, आम्ही दवाखान्यात. आजही त्याच्या हातावर डाग आहे.

झाकणाचं गणित अगदी कुकरसारखं आहे. आत दाब असतो म्हणून पाणी १०० अंशाच्या वर जाऊनही उकळत नाही. दर एक पौंड दाबाला उकळायचा बिंदू साधारण दीड अंशानं वर जातो. झाकण उघडलं की दाब जातो अन् पाणी एकदम उकळून वाफेसकट अंगावर येतं. म्हणून गाडी बंद करा, बोनेट उघडा अन् अर्धा-पाऊण तास नुसतं बसा. दुसरा उपाय नाही.

पुढची चूक माझी. एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "दादा, हे भंगार काढा, नवं ॲल्युमिनियमचं टाका, टेन्शन संपलं." टाकलं. ते होतं दुसऱ्याच कुठल्या गाडीचं, पट्ट्या मारून बसवलेलं. बाजूला दोन-दोन बोटं फट, म्हणजे फॅननं ओढलेली निम्मी हवा जाळीतून न जाता फटीतून जायची. तीन आठवड्यांत गाडी पुन्हा तापली. पुन्हा उघडलं तर नव्या रेडिएटरच्या नळ्यांत इंजिनातला गंज अन् चुन्याच्या खपल्या जाऊन बसलेल्या. रेडिएटर नवं, पण इंजिनाच्या पोटातली घाण तशीच होती. वर प्लॅस्टिकच्या टाकीचा जोड झिरपायला लागला, तो तर कोणी दुरुस्तच करीना.

तव्हा कुठं परभणीतल्या जुन्या रेडिएटरवाल्या चाचांकडं गेलो. नशीब, जुनं रेडिएटर घरच्या माळ्यावर होतं. चाचांनी ते उलटं-सुलटं केलं, वरची टाकी डाग तापवून सोडवली अन् मला म्हणाले, "बघा तुमचं पाणी." आत नळ्यांच्या तोंडाशी पांढरट-तपकिरी दगड. निम्म्याच्या आसपास नळ्या पार बंद.

मंडळी, ते पाहून मला माझीच लाज वाटली. कारण हा दगड मी दरवर्षी बघतो, ठिबकच्या ड्रीपरमध्ये! आपली जमीन काळ्या पाषाणावरची, बोअरचं पाणी जड. त्या पाण्यानं लॅटरल चोक होते म्हणून आपण ॲसिड ट्रीटमेंट करतो, फिल्टर धुतो, शेवटची टोपणं उघडून फ्लश करतो. अन् तेच पाणी बादलीनं रेडिएटरमध्ये ओततो. त्यात रेडिएटरमधलं पाणी तापतं. जड पाणी तापलं की त्यातला विरघळलेला चुना सुटतो अन् चिकटून बसतो. चहाच्या पातेल्यात, गीझरच्या कॉइलवर बसतो तोच. वाफ उडून जाते, क्षार मागं राहतात. आपण पुन्हा बोअरचं पाणी भरतो, म्हणजे क्षारांचा नवा हप्ता.

म्हणून पहिला नियम पाण्याचा. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी वापरा. या गाडीत सगळं मिळून चार-पाच लिटर लागतं, तेवढ्यानं कोणी गरीब होत नाही. ते नसेल तर गावातल्या प्लांटचं आरओ पाणी बोअरपेक्षा कितीतरी बरं. अन् नुसतं पाणी कधीच नको, सोबत कूलंट पाहिजेच. आपल्याकडं काही बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असं पुष्कळजण विचारतात. कूलंटचं आपल्याकडचं खरं काम गंज थांबवायचं आहे. फियाटचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटर तांब्या-पितळाचं, जोड शिसं-कथलाचा. इतके धातू एकाच पाण्यात बसले की एकमेकांना खातात. तीन भाग कूलंट अन् सात भाग पाणी आपल्या हवेला पुरतं. जास्त ओतून उपयोग नाही, कारण उष्णता वाहून न्यायला पाणीच जास्त चांगलं. डब्याच्या रंगावर जाऊ नका. तांबं, पितळ अन् डागाचे जोड असलेल्या जुन्या रेडिएटरला चालतं का, ते डब्यावर वाचा नाहीतर विचारून घ्या. दोन जातींचं कूलंट एकात मिसळू नका.

आता निवडीचं. ॲल्युमिनियम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ते हलकं असतं, त्याच्या नळ्या रुंद असतात, अन् ज्या गाडीसाठी बनवलंय त्या गाडीत ते उत्तम काम करतं. पण ते फुटलं की आपल्या भागात बहुतेक वेळा फेकायचंच. तांब्या-पितळाचं तसं नाही. नळी फुटली तर डाग मारता येतो, टाकी सोडवून नळ्यांत सळी घालून साफ करता येतात, अन् जाळी पार गेली असली तरी जुन्या पितळी टाक्या ठेवून मधली कोअर तेवढी नवी बसवता येते. मी तेच केलं. टाक्या मूळच्या, म्हणून बसायची भोकं, होजचे तोंड, फॅनचं अंतर, सगळं जागच्या जागी. माझे साडेपाच हजार गेले. आधीच्या ॲल्युमिनियमवर गेले ते वेगळेच.

जुना माल घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. पद्मिनीचं उत्पादन थांबून पाव शतक झालं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तिथल्या भंगार बाजारात टॅक्सीचे भाग मिळतात, पण टॅक्सीचं रेडिएटर म्हणजे लाखो किलोमीटर चाललेलं. घ्यायचं तर खालचं तोंड हातानं बंद करून पाणी भरा अन् एकदम सोडा. धो-धो आलं तर नळ्या मोकळ्या, बारीक धार लागली तर चोक. कोअर नवी करताना "चार लाइनची टाका" असा हट्टही धरू नका. जाळी जाड अन् दाट झाली की हवा आरपार जात नाही, अन् आपल्या धुळीत ती लवकर बुजते. मूळ होती तेवढीच जाडी, अन् पत्र्या जरा मोकळ्या.

देखभाल मी अशी करतो:

१) सकाळी गाडी थंड असताना पाण्याची पातळी बघायची. सारखं कमी होत असेल तर नुसतं भरत बसू नका, कुठं जातंय ते शोधा.

२) दोन वर्षांनी सगळं पाणी काढून, ब्लॉकसकट धुऊन नवं भरायचं. कोअर करताना खालचा ड्रेन कॉक आठवणीनं बसवून घ्या.

३) झाकणाचं रबर अन् स्प्रिंग बघायची. जुन्या गाड्यांचं झाकण साधारण ४ ते ७ पौंडांचं असतं, आजच्या गाड्यांचं १३ च्या पुढं. बसतंय म्हणून नव्या गाडीचं झाकण लावाल तर डागाचे जोड उसवतील.

४) होज दाबून बघायचा. फुगलेला, भेगाळलेला बदलायचा. खालचा होज मऊ पडला तर पंपाच्या ओढीनं आत चिकटतो अन् पाणी फिरत नाही.

५) फॅनचा पट्टा बोटानं दाबून बघायचा. ढिला पट्टा म्हणजे पंपही ढिला अन् फॅनही.

६) कापूस वेचणी अन् सोयाबीनची मळणी झाली की जाळीतलं भुसकट, कापसाचे धागे काढायचे. हवा इंजिनाच्या बाजूनं बाहेर मारा. सर्व्हिसिंग सेंटरचा पाण्याचा जोराचा फवारा समोरून मारला की पत्र्या लोळतात.

आता दोन जुगाडांवर बोलतो, काहींना राग येईल. पहिला हळदीचा. गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकली की भोक बुजतं, हे खरं आहे. वसमतची हळद आपल्या शेजारीच, म्हणून हा उपाय आपल्याकडं लई चालतो. रस्त्यात अडकलात तर घरी येण्यापुरतं ठीक. पण ती हळद फक्त भोक बघून बसत नाही, चांगल्या नळ्यांतही बसते. घरी आल्यावर धुऊन काढा अन् डाग मारून घ्या.

दुसरा थर्मोस्टॅट काढून टाकायचा. "काढून टाका, गाडी थंड राहते," असं दहातले आठ मिस्त्री सांगतात. इंजिनला ठरावीक गरमी लागतेच. ते कायम थंड राहिलं तर पेट्रोल जास्त खातं, तेलात गाळ होतो, झीज वाढते. थर्मोस्टॅट अडकत असेल तर नवा टाका. काढून टाकून रोग झाकू नका.

शेवटचं, अन् माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. चाचा सत्तरीला आले. पोरगा मोबाइलच्या दुकानात बसतो, अन् त्याला दोष देण्यात अर्थ नाही. चाचा म्हणतात, "लोकं रेडिएटर माझ्याकडं आणायच्या आधी भंगारवाल्याकडं नेतात. तांब्याला भाव आहे, माझ्या हाताला नाही." हा प्रश्न एका फियाटपुरता असता तर मी इतकं लिहिलं नसतं. आपल्यातल्या किती जणांकडं वीस-तीस वर्षांचे ट्रॅक्टर आहेत? त्यांची रेडिएटरं तांब्या-पितळाचीच आहेत. ऐन पेरणीत, मृगाचा पाऊस पडून गेल्यावर ट्रॅक्टर तापला अन् डाग मारणारा माणूस गावात-शहरात राहिलेला नसला, तर पेरणी चार दिवस मागं जाईल. वापसा आपल्यासाठी थांबत नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच. जुनं रेडिएटर वजनावर विकायच्या आधी एकदा कारागिराकडं नेऊन दाखवा. अन् तुमच्या भागात, जिंतूर, सेलू, पाथरी, पूर्णा कुठंही, असं काम करणारा कोणी असेल तर त्याला विचारून त्याचा पत्ता खाली टाका. मी तालुकावार यादी करून पेरणीच्या आधी इथंच टाकतो.

ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी असेल तर या अमावस्येला गाडी उभी असतानाच बदलून घ्या.