कोपरावरचा पापुद्रा

रोवणी आटोपल्यावर आमच्या वस्तीतील एक विडी कामगार बाई संध्याकाळी घरी आल्या. पदराआडचे कोपर पुढे करून हळूच म्हणाल्या, "भाऊ, हा महारोग तर नाही ना?" दोन्ही कोपरांवर जाड चट्टे होते आणि त्यांवर चांदीसारखे पांढरे पापुद्रे. वर्षभर दुकानातून नायट्याचे मलम आणून लावले, पण चट्टे वाढतच गेले. ठेकेदार त्यांच्या विड्या घेईना. बोअरिंगवर शेजारणींनी त्यांचा गुंड बाजूला ठेवायला लावला.

वाचकहो, पाण्यावरून बाजूला सारणे म्हणजे काय, हे आपल्या आजोबांना कुणी शिकवावे लागले नाही. तेच आपल्याच वस्तीत, आपल्याच बाईच्या वाट्याला यावे याची आम्हाला लाज वाटली.

आम्ही कचेरीत लिपिक. बी.कॉम.च्या शिक्षणावर खतावणी जुळते, कातडीचा रोग ओळखता येत नाही. म्हणून त्यांना घेऊन गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात गेलो. २०१६ साली हे महाविद्यालय सुरू झाले, ही मोठी सोय आहे. डॉक्टरांनी कोपर, गुडघे, डोके, नखे सर्व पाहिले आणि सांगितले, हा सोरायसिस आहे. तो संसर्गाने होत नाही. एका ताटात जेवल्याने, एका गुंडाचे पाणी प्यायल्याने किंवा लेकराला कडेवर घेतल्याने तो दुसऱ्याला लागत नाही.

कातडीचा वरचा थर नवा होण्यास एरवी सुमारे महिना लागतो. सोरायसिसमध्ये हेच काम तीन-चार दिवसांत होते. जुनी कातडी झडण्याआधी नवी वर येते आणि थरावर थर साचतो. पुस्तकांत लाल चट्टे लिहिलेले असतात, पण आपल्या सावळ्या अंगावर ते जांभळट किंवा गडद तपकिरी दिसतात, त्यामुळे सुरुवातीला कुणाचे लक्ष जात नाही. कोपर, गुडघे, कंबर आणि डोके या त्याच्या आवडत्या जागा. डोक्यातला कोंडा केसांची हद्द सोडून कपाळावर किंवा कानामागे उतरला आणि त्याचा थर जाड असला, तर तो साधा कोंडा नसू शकतो. नखांवर शिंप्याच्या अंगुस्तानासारखे बारीक खड्डे पडतात. जिथे खरचटले किंवा विळा लागला, तिथे काही दिवसांनी नवा चट्टा उठतो. काहींची बोटे सुजतात, सकाळी उठताना सांधे आखडतात. हे वयाचे दुखणे म्हणून सोडू नये, त्याने सांधे कायमचे खराब होतात.

महारोगाशी त्याची गल्लत जुनी आहे. युरोपातही शतकानुशतके दोन्ही एकच समजत. व्हिएन्नाचे डॉ. हेब्रा यांनी १८४१ मध्ये ते वेगळे केले. आपल्या पूर्व विदर्भात कुष्ठरोग आजही आढळतो, म्हणून शंका येणे चूक नाही. पण कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा फिकट किंवा लालसर असतो आणि त्यावर जाड पापुद्रे नसतात. मुख्य म्हणजे तेथे स्पर्श कळत नाही. डोळे मिटून कापसाची वात फिरवली तर बहुतेकदा ती कळत नाही. सोरायसिसमध्ये स्पर्श कळतो, बहुधा खाजही असते. अर्थात ही घरची परीक्षा शेवटची नव्हे, निदान डॉक्टरांनीच करावे. आणि तो कुष्ठरोग निघाला तरी घाबरायचे कारण नाही. सरकारी दवाखान्यात सहा किंवा बारा महिन्यांच्या मोफत औषधाने तो बरा होतो.

दुकानदाराने दिलेल्या मलमाबद्दल थोडे कठोर लिहावे लागते. त्यात बहुधा स्टेरॉईड असते. चार दिवस चट्टा दबतो, मग जोराने उसळतो. स्टेरॉईडच्या गोळ्या घेऊन एकदम थांबवल्या तर सर्व अंग लाल होऊन जीवावर बेतू शकते. दारू, बिडी-सिगारेट, घशाचा संसर्ग आणि मनाचा ताण यांनी रोग भडकतो. हिवतापावरच्या क्लोरोक्वीननेही तो वाढू शकतो, म्हणून ताप आल्यास डॉक्टरांना चट्ट्यांची कल्पना द्यावी.

हा रोग मुळासकट जात नाही, पण ताब्यात राहतो. त्या बाईंचे कोपर आता बरेच निवळले आहे. थंडीत पुन्हा थोडे पापुद्रे येतात, तेव्हा त्या खोबरेल लावतात आणि दवाखान्यात दाखवून येतात. ठेकेदाराकडे आम्ही डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन दोनदा गेलो, तेव्हा कुठे त्याने विड्या घेतल्या. बोअरिंगवरचा गुंड मात्र शेजारणींनी आपण होऊन रांगेत घेतला.