अपघातानंतर भरपाई : घाई कशाची, सबुरी कुठे?

रस्ते अपघातातील जखमीचे पहिले काही महिने दवाखान्यातच जातात. प्लास्टर निघते, कामावर परतायची खटपट सुरू होते, तोवर भरपाईच्या दाव्याची मुदत सरत आलेली असते. १९९४च्या दुरुस्तीनंतर अशी मुदतच नव्हती. १ एप्रिल २०२२ पासून मात्र दावा अपघातानंतर सहा महिन्यांत करायचा आहे. केवळ उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितले. पण तो आदेश अंतरिम आहे. त्याच्या भरवशावर थांबणे धोक्याचे.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो. अपघात नागपुरात झाला आणि जखमी साताऱ्यात राहत असेल, तर साताऱ्यातही दाखल करता येतो. चालकावरील फौजदारी खटल्याच्या निकालासाठी थांबायचे कारण नाही.

खरी सबुरी हवी ती सही करताना. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये मिळतात, कुणाची चूक हे सिद्ध न करता. कलम १६६ खाली समोरच्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. मात्र उपचारांचा खर्च, बुडालेली मजुरी, कायमचे अपंगत्व सारे हिशेबात येते. विमा कंपनीकडून अडीच लाख स्वीकारले, की न्यायाधिकरणातला दावा संपतो. पाय गमावलेल्या गवंड्याला हा सौदा फार स्वस्तात पडेल.

धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर अर्ज तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा. गंभीर दुखापतीला ५० हजार, मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये मिळतात.