बोचकी आणि बहादुरी

जून उजाडला की लडाखला निघालेल्या मंडळींचे फोटो यायला लागतात. गाडी दिसतच नाही, दिसतं ते मागचं बोचकं! तंबू, जेरीकॅन, चार जीन्स... आणि खाली सगळ्यांचं कौतुक, "काय तयारी आहे राव!" मला विचाराल तर ही तयारी म्हणजे "लागलं तर?" या प्रश्नाची निव्वळ भीती आहे.

साधं गणित करू. दोन चाकांच्या अ‍ॅक्सलमध्ये १४० सेंमी अंतर आहे आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या ३५ सेंमी मागे, कॅरिअरवर, २० किलोची बॅग बांधली आहे. मागच्या चाकावर २० नाही, २५ किलो वाढतात आणि पुढच्या चाकावरचे ५ किलो चक्क कमी होतात. शाळेतला सी-सॉ, दुसरं काय! आता गाडी वळवायचं काम पुढच्या चाकाचं आणि ब्रेकचा मोठा वाटाही त्याचाच. चढावर भार आणखी मागे जातो. मग आंबोलीच्या वळणावर गाडी बाहेर पळते, वेगात हँडल थरथरतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आणि शिव्या कुणाला? रस्त्याला!

"आमच्या वेळी स्कूटरवर चौघं जायचो," असं काका म्हणणारच. मान्य. पण काका, ती स्कूटर मंडईपर्यंत चाळीसच्या आत जायची. शिवाय पुढे उभा केलेला पोरगा पुढच्या चाकावर वजन देत होता :-)

तिकडे पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा उरतो. इंजिनाची ताकद त्या मानाने घटते, बोचक्याचं वजन मात्र ग्रॅमभरही घटत नाही.

म्हणून हत्यारं, ट्यूब, पाणी असलं जड सामान खाली आणि टँकजवळ. दोन्ही बाजूंना सारखं. कॅरिअरवर फार तर स्लीपिंग बॅग. कपडे तीन जोड, सोबत साबणाची वडी. मागच्या टायरची हवा आणि सस्पेन्शन किती ठेवायचं ते मॅन्युअलमध्ये असतं. कमाल भारही तिथेच असतो, आणि त्यात आपलं स्वतःचं वजन धरलेलं असतं, हे विसरू नका!

आणि आत्या, चकल्यांचा डबा परत आल्यावर खाईन. रागावू नकोस.