चेहऱ्याची साक्ष

मनुष्य मुद्रेवरून ओळखावा, असें वडील माणसें सांगतात. आणि मुद्रा फसविते, असेंही तींच सांगतात. ह्यांपैकीं खरें कोणतें, हा प्रश्न विद्यार्थ्यांनीं विचार करण्याजोगा आहे.

सन २००१ मध्यें डेन्मार्क देशांत सत्तर वा अधिक वयाच्या १,८२६ जुळ्या व्यक्तींची पाहणी झाली. त्यांच्या छायाचित्रांवरून, खरें वय न सांगतां, परक्या माणसांकडून वयाचा अजमास करविण्यांत आला. २००८ च्या आरंभापर्यंत त्यांतील ६७५ जण निवर्तले. जुळ्यांपैकीं जें भावंड अधिक वृद्ध दिसे, त्याचाच अंत आधीं होण्याचा संभव अधिक आढळला. आणि दोघांच्या दिसण्यांत जितका फरक मोठा, तितका हा संभवही मोठा. तेव्हां चेहऱ्याची साक्ष अगदींच खोटी नव्हे.

परंतु दुसरी बाजूही ऐकावी. २०१२ सालीं अमेरिकेंतील एका वैद्यकीय नियतकालिकांत ६९ वर्षांच्या एका मालमोटार-चालकाचें छायाचित्र आलें. अठ्ठावीस वर्षें खिडकीच्या कांचेंतून आलेल्या उन्हानें त्याच्या डाव्या गालाची कातडी जाड होऊन तीवर खोल सुरकुत्या पडल्या होत्या; उजवा गाल मात्र बराच तरुण होता. दोन्ही गालांस रक्त पुरविणारें हृदय एकच! त्या सुरकुत्यांनीं त्याचा धंदा सांगितला, आयुष्य नव्हे.

ह्यावरून माझ्या मतें दोन गोष्टी निघतात. पहिली ही कीं, उटण्यांनीं व पावडरींनीं आयुष्य वाढत नाहीं. साक्षीदाराचें तोंड रंगविल्यानें घडलेली गोष्ट बदलत नसते. तंबाखूचा धूर त्वचेच्या रक्तवाहिन्या आकुंचित करितो आणि तोच हृदय व फुप्फुसें पोखरितो. म्हणून ज्यास कांति टिकवावयाची आहे, त्यानें आरशापुढें उभें राहण्यापूर्वीं व्यसन सोडावें.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. शेतांत राबणाऱ्या स्त्रीचा चेहरा चाळिशींतच रापतो. ती अजागळ म्हणून नव्हे, तर आपल्या ताटांतील भाकरी तिनें उन्हांत उभें राहून पिकविली म्हणून. अशा चेहऱ्यास कोणी हिणवील, तर तो आपल्या अन्नदात्यासच हिणवितो. अलीयाबाचें रूप व उंची पाहून शमुवेल संदेष्ट्याचीही निवड चुकूं लागली होती, हें पवित्र शास्त्राच्या वाचकांस ठाऊक आहेच. वैद्यानें मुद्रा अवश्य वाचावी. शेजाऱ्यानें मात्र तिच्यावरून निवाडा देऊं नये.