विद्यापीठ कोणाचे?

विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जानेवारी २०२५ रोजी कुलगुरूंच्या नेमणुकीसंबंधी नियमांचा जो मसुदा प्रसिद्ध केला, तो राज्यांच्या अधिकारांवरील उघड आक्रमण होता. तिघांच्या निवड समितीत एक प्रतिनिधी कुलपतींचा, म्हणजे बहुतेक राज्यांत राज्यपालांचा. दुसरा आयोगाच्या अध्यक्षांचा. तिसरा विद्यापीठाच्या सर्वोच्च मंडळाचा. राज्य सरकारला जागाच नाही. शिवाय उद्योगक्षेत्रात वरिष्ठ पदावर दहा वर्षे काढलेल्यांनाही कुलगुरुपदाचे दार उघडण्यात आले. केरळ विधानसभेने २१ जानेवारी रोजी या मसुद्याविरुद्ध ठराव केला, ते योग्यच झाले.

परंतु एवढ्यावर थांबून चालणार नाही. राज्यपालांची सत्ता मंत्र्यांकडे आली की विद्यापीठ जनवादी झाले, असे मानणे ही आत्मवंचना ठरेल. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने मंत्र्यांना प्र-कुलपती करणारे विधेयक संमत केले, तेव्हा वाद रंगला तो राजभवन आणि मंत्रालय यांच्यात. वर्गात शिकवणारा प्राध्यापक, तासिका तत्त्वावर राबणारा त्याचा सहकारी, परीक्षा विभागातील कारकून, प्रयोगशाळेतील परिचर यांच्या मताची दखल त्या वादात कितीशी घेतली गेली?

२०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण तर याही पुढे जाते. प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेवर नियामक मंडळ असावे आणि त्याने आपले नवे सभासद स्वतःच निवडावेत, अशी त्यातील योजना आहे. याला ‘स्वायत्तता’ हे नाव दिले आहे. ही स्वायत्तता मंडळाची आहे, विद्यापीठाची नव्हे.

निवडणुकांमुळे विद्यापीठात राजकारण व गटबाजी शिरते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. अधिसभेच्या निवडणुकांत शिक्षणसम्राटांचा पैसा व प्रभाव चालतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण नामनियुक्ती हेही राजकारणच आहे; फरक इतकाच की ते बंद दाराआड चालते. निवडून आलेल्या प्रतिनिधीला निदान आपल्या सहकाऱ्यांपुढे हिशेब द्यावा लागतो. नामनियुक्ताचा हिशेब नेमणाऱ्याशी असतो.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. व्यवस्थापन परिषदेत शिक्षकांचे व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी निवडूनच आले पाहिजेत. तासिका व कंत्राटी तत्त्वावरील शिक्षकांना मतदारयादीत स्थान मिळाले पाहिजे. अंदाजपत्रक, शुल्कवाढ आणि कंत्राटी भरती यांवर या प्रतिनिधींसमोर चर्चा झाल्याखेरीज निर्णय होता कामा नये.

यासाठी आपल्यालाही एक जुनी सवय सोडावी लागेल. प्राध्यापकांची संघटना आपल्या वेतनश्रेणीसाठी आणि कर्मचाऱ्यांची संघटना आपल्या पदोन्नतीसाठी वेगवेगळी लढते, तोवर राज्यकर्त्यांना चिंता नाही. ज्या दिवशी दोघे मिळून विद्यापीठाच्या कारभाराचा जाब विचारतील, त्या दिवशी ‘विद्यापीठ कोणाचे’ या प्रश्नाचे उत्तर खऱ्या अर्थाने मिळू लागेल.