‘अँटिबायोटिक नकोच’ हे अर्धसत्य



मुलांना अँटिबायोटिक कधीच देऊ नये, हे गेल्या अंकातील पत्रातले म्हणणे अर्धेच खरे. सर्दी-पडसे बहुधा विषाणूंचे. तिथे हे औषध निरुपयोगी, मग शेंबूड हिरवा का असेना.

पण न्यूमोनियाचे काय? गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने आरोग्यसेवकांना, चक्क गावच्या दायांनाही, तो ओळखून को-ट्रायमोक्साझोल द्यायला शिकवले. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू घटले. १९९० साली ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. पत्रलेखकांना हे ठाऊक नसावे.

न्यूमोनियाची शंका तपासायला खोकणाऱ्या मुलाचे श्वास, ते शांत असताना, पूर्ण मिनिटभर मोजावेत. २ ते ११ महिन्यांच्या बाळात ५०, १ ते ५ वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. घरात उरलेली औषधाची जुनी बाटली मात्र काढू नये.

— एक वाचक, पेठ वडगाव (जि. कोल्हापूर)