परिचारिकेची झोप : कोणाची जबाबदारी?

दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, जागतिक परिचारिका दिन साजरा होतो. अनेक धर्मग्रामांतून परिचारिकांचा पुष्प देऊन सत्कार केला जातो व त्यांच्या सेवाभावाचे गुणगान होते. हा गौरव उचितच आहे. परंतु सत्कार स्वीकारणाऱ्या भगिनींपैकी एखादी आदल्या रात्रीची पाळी संपवून, झोप मोडून तेथे आलेली असते, याचा विचार आपल्या मनात सहसा येत नाही.

वसईपासून मुंबईपर्यंतच्या आपल्या समाजात परिचारिका असलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही. अनेक रुग्णालयांत सकाळपाळी व दुपारपाळी सहा-सहा तासांची, तर रात्रपाळी बारा तासांची असते. रात्री आठच्या पाळीसाठी वसईतून निघणारी परिचारिका सायंकाळी सहाच्या सुमारास घर सोडते. सकाळी रुग्णांची माहिती पुढच्या पाळीकडे सोपवून व लोकलचा प्रवास करून परतेपर्यंत दहा वाजून जातात. त्यानंतर स्वयंपाक, मुलांची शाळा, वडीलधाऱ्यांची औषधे, दारावरची घंटा. झोपेच्या वाट्याला जे उरते, ते तुकड्यातुकड्यांनी.

थकलेल्या माणसाला केव्हाही झोप लागते, हा आपला समज अपुरा आहे. आपल्या शरीरात एक जैविक घड्याळ असते व ते प्रामुख्याने उजेड-अंधारावर चालते. त्याच्या कार्यपद्धतीचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सकाळच्या उन्हातून घरी परतणाऱ्या परिचारिकेला हे घड्याळ ‘आता जागे राहा’ असेच सांगत असते. त्यामुळे दिवसाची झोप उथळ व अल्प होते. त्यात पाळ्या वरचेवर बदलल्या, तर शरीर एका वेळेला सरावण्याआधीच दुसरी वेळ त्याच्यावर लादली जाते.

याचा परिणाम केवळ तिच्यापुरता मर्यादित राहत नाही. सलग सतरा तास जागे राहिल्यानंतर माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असल्याइतकी घटते, असे १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले. आपल्या देशात वाहनचालकासाठी कायद्याने घातलेली मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सहाला उठून, दुपारी न झोपता, रात्री आठला पाळीवर आलेली परिचारिका रात्री अकरालाच सतरा तासांची सीमा ओलांडते. पाळी संपते तेव्हा ती सव्वीस तास जागी असते. अशा अवस्थेत ज्याला आपण गाडी चालवू देणार नाही, त्याच अवस्थेत तिने इंजेक्शनची मात्रा अचूक मोजावी, अशी आपली अपेक्षा असते! साडेबारा तास वा त्याहून लांब पाळीत चुकीची शक्यता तिपटीने वाढते, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाचा समावेश ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात २००७ साली केला व २०१९ साली तो कायम ठेवला.

मग दोष कोणाचा? मुळाशी आहे ती मनुष्यबळाची टंचाई. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार शिक्षण रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक व इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. शिवाय रजेसाठी तीस टक्के राखीव पदे हवीत. ही राखीव पदे भरली नाहीत, की एकीची रजा दुसरीची ‘डबल ड्युटी’ होते. कंत्राटावर असलेली मुलगी ती नाकारू शकत नाही. बाह्य संस्थेमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध मे २०२२ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिकांनी संप केला, त्यामागे हीच अस्वस्थता होती. पगार तुटपुंजा असेल, तर जादा पाळी ही गरजच बनते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने लहान खाजगी रुग्णालयांतही परिचारिकेला किमान वीस हजार रुपये वेतन असावे, अशी शिफारस केली होती. त्या शिफारशीकडे झोपेच्या दृष्टीनेही पाहिले पाहिजे.

विसाव्याच्या जागेचाही प्रश्न आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या एका शासकीय रुग्णालयात, प्रदीर्घ ड्युटीच्या मध्ये सभाकक्षात विसावलेल्या तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या कृतिदलाच्या विषयपत्रिकेत डॉक्टर व परिचारिकांसाठी स्वतंत्र विश्रांतिकक्षांचा मुद्दा घालावा लागला.

येथे आपल्याला स्वतःकडेही पाहावे लागेल. १९४३ साली डॉ. सिस्टर मेरी ग्लोवरी यांनी पायाभरणी केलेल्या कॅथलिक आरोग्य संघटनेशी आज देशभरातील असंख्य रुग्णालये व दवाखाने संलग्न आहेत. कामाचे तास माणसाच्या शक्तीपलीकडे जाऊ नयेत, ही शिकवण पोप लिओ तेरावे यांनी १८९१ सालीच दिली. ‘सेवा’ हा आपला पवित्र शब्द आहे. रिकामी पदे झाकण्यासाठी तो वापरला जाऊ नये.

उपाय आवाक्याबाहेरचे नाहीत. दोन पाळ्यांमध्ये किमान बारा तासांची सलग विश्रांती असावी, अशी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १९७७ ची शिफारस आहे. ती बंधनकारक नसली, तरी आपल्या संस्थांना स्वेच्छेने पाळता येईल. पाळ्यांचे वेळापत्रक महिनाभर आधी द्यावे, रात्री आळीपाळीने थोडा विसावा मिळावा, राखीव पदे भरावीत. घरानेही आपला वाटा उचलावा. रात्रपाळीहून आलेल्या सुनेला वा पत्नीला अंधारी, शांत खोली मिळावी आणि त्या दिवशीचा स्वयंपाक दुसऱ्या कोणी करावा.

पुढील १२ मे रोजी आपण सत्कार अवश्य करूया. मात्र आमंत्रण देण्यापूर्वी तिला एवढे विचारूया, ‘सिस्टर, काल तुमची रात्रपाळी होती का?’ होती असेल, तर पुष्प घरी पोहोचवावे आणि तिला झोपू द्यावे.